शेर अलीच्या मागची सीट

बसचालक शेर अली याने पार्किंगमध्ये भांडण उकरून काढलं आणि एका माणसाचा हात मोडेपर्यंत त्याला मारलं, असं पत्र मी सात वर्षांपूर्वी लिहून दिलं. पत्र खोटं होतं. लिहिताना ते मला माहीत होतं. मारणारे हात मी वीस पावलांवरून पाहिले होते आणि त्यांत शेर अलीचे हात नव्हते. माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. समोर कडक चहाचा कागदी कप होता आणि पत्र लिहून झाल्यावर तो मी सावकाश संपवला.

हे आधी सांगून टाकतो, कारण ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्या बाईंना प्रस्तावना खपत नसे. "काय केलं ते आधी. का केलं ते मग बघू," असं त्या पहिलीतल्या पोरालाही सांगत आणि प्रिन्सिपॉललाही.

नोरा मॅडम शारजातल्या आमच्या शाळेत ग्रंथपाल होत्या. मी तिथे ट्रान्सपोर्ट बघायचो. कुठली बस कुठल्या रस्त्याने जाणार, कुठला ड्रायव्हर रजेवर, कुणाचं मूल चुकीच्या स्टॉपवर उतरलं, हे माझं काम. मॅडम अमेरिकेतल्या, युटा राज्याच्या दक्षिण टोकाच्या एका लहान गावातल्या. नवरा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर इंजिनियर होता, त्याच्याबरोबर इकडे आल्या. तो वारला तरी परत गेल्या नाहीत. अल मजाजमध्ये, खालिद लगूनच्या बाजूला, सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. उंच, खांद्यात जरा वाकलेल्या, पांढऱ्या केसांची एकच वेणी, आणि मनगटावर नवऱ्याचं ढगळ घड्याळ. ते सतत कोपराकडे घसरायचं आणि बोलता बोलता त्या ते खाली ओढायच्या.

धर्माने त्या मॉर्मन. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. आमच्या शाळेत सकाळी सहाला कडक चहा न पिणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर मॅनेजमेंटवर नाराज. मॅडम स्टीलच्या फ्लास्कमधून नुसतं गरम पाणी आणायच्या आणि चहासारखंच फुंकून फुंकून प्यायच्या. नवा आलेला प्रत्येक शिक्षक विचारायचा, "मॅडम, ग्रीन टी?" त्या म्हणायच्या, "नाही. नुसता हट्ट."

त्या सात नंबरच्या बसने यायच्या. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांची. ड्रायव्हर शेर अली, पाकिस्तानातल्या मर्दानकडचा पठाण, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. तो मोजकं बोलायचा आणि भरमसाट हॉर्न वाजवायचा. गावाहून आणलेली वाळलेली तुतीची फळं तो मॅडमना पुडीत बांधून द्यायचा, आणि मॅडम त्याच्याकडून उर्दू शिकायच्या. रोज एक वाक्य. "मॅडम जी, आज का सबक," असं म्हणून तो आरशात बघायचा. पहिलं वाक्य त्याने शिकवलं होतं ते "मेरा एक सवाल है." मॅडमनी ते आयुष्यभराचं करून टाकलं.

त्यांच्या लायब्ररीत दंड नव्हता. पुस्तक हरवलं, भिजलं, पान फाटलं, तर एकच नियम. ज्याने केलं त्याने त्या पुस्तकाची वाट बघणाऱ्या पुढच्या मुलासमोर जाऊन स्वतः सांगायचं. मॅडमना सांगून भागायचं नाही. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सहावीत होती. तिने एका पुस्तकावर आंब्याचा रस सांडला. मॅडमनी तिला तिसरीतल्या एका मुलीपुढे उभं केलं. घरी येऊन दप्तर फेकत मुक्ता म्हणाली, "बाबा, इट वॉज सो एम्बॅरसिंग. आय सेड सॉरी टू मॅम ऑलरेडी."

मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो. "मॅडम, पोरगी रडत होती. तुम्हाला सॉरी म्हणाली होती ना ती?"

"माझं पुस्तक कुठे खराब झालं?" मॅडम भाताच्या खळीने एका पुस्तकाचा कणा चिकटवत होत्या, त्यांनी वरही बघितलं नाही. "ती मुलगी दोन आठवडे थांबली होती. मी काय माफ करणार?"

मला ते तेव्हा जरा अती वाटलं होतं. बायकोला मी म्हटलंही, की परदेशी लोकांना लहान मुलांचं काही कळत नाही.

मॉर्मन म्हटलं की सगळे एकच गोष्ट विचारतात. मीही विचारली. बस बंद पडली होती, मुलं दुसऱ्या बसने पुढे गेली होती, मेकॅनिकची वाट बघत मी, मॅडम आणि शेर अली असे तिघेच होतो. मी म्हटलं, "तुमच्यात पूर्वी चार-चार बायका असायच्या ना?"

"माझ्या नवऱ्याला एकच झेपत नव्हती," मॅडम म्हणाल्या. शेर अली स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. मग मॅडम म्हणाल्या, "बायकांचं सगळे विचारतात, मिस्टर दिवेकर. कुरणाचं कुणी विचारत नाही."

मग त्यांनी ते कुरण सांगितलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली त्याला. त्यांचे पूर्वज धर्मापायी छळ सोसून, हाकलले जाऊन त्या वाळवंटात येऊन वसले होते. सरकारी फौज आपल्यावर चालून येते आहे अशी हवा होती आणि धर्माच्या व्यासपीठावरून तापलेली भाषणं चालू होती. त्याच वेळी कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या कुटुंबांचा बैलगाड्यांचा एक तांडा तिथून निघाला होता. गावच्या पंथीयांनी त्याला कुरणात वेढा घातला. काही दिवसांनी पांढरं निशाण घेऊन गेले, हत्यारं खाली ठेवा, सुखरूप बाहेर नेतो म्हणाले. लोकांनी विश्वास ठेवला. बायका-पोरं धरून शंभरावर माणसं मारली. बोलता न येणारी लहान मुलं तेवढी ठेवली. आणि नाव लावलं पायूट लोकांचं. पायूट म्हणजे तिथले मूळचे आदिवासी. मारणाऱ्यांतल्या काहींनी त्यासाठी तोंडं रंगवली होती.

"मोठ्या धर्मगुरूंनी हुकूम दिला होता?" मी विचारलं.

"त्यावर अभ्यासक अजून भांडतात. मला माहीत नाही. हुकूम कुणी दिला ते मला माहीत नाही, पण नंतर कोण गप्प बसलं ते मला माहीत आहे. गावचे पुढारी रोज प्रार्थनेला उभे राहायचे आणि सांगायचे, पायूटांनी केलं. पुढे वीस वर्षांनी एका माणसाला गोळ्या घातल्या आणि बाकीच्यांचा हिशेब मिटला. माझ्या पणजीचा बाप त्या बाकीच्यांत होता."

त्यांच्या आजीच्या काचेच्या कपाटात निळ्या फुलांची एक बशी होती. सणालाच बाहेर निघायची. लहानपणी विचारलं तर सांगायचे, वाटसरूंनी दिली. एकोणिसाव्या वर्षी मॅडमना कळलं की कुठल्या वाटसरूंनी. त्यांच्या पंथात महिन्यातून एकदा अशी सभा असते की कुणीही उठून पुढे जाऊन मनातलं बोलू शकतं. मॅडम ती बशी घेऊन पुढे गेल्या, भाषणाच्या मेजावर ठेवली आणि पणजीच्या बापाचं नाव घेऊन म्हणाल्या, यांनी मारलं, आणि ही बशी आम्ही चोरली. सभेचे प्रमुख हळूच म्हणाले, भगिनी, ही ती जागा नव्हे. मॅडम थांबल्या नाहीत. तेव्हा त्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना खूण केली. ऑर्गन सुरू झाला. मॅडम ऑर्गनच्या वर आवाज चढवून बोलत राहिल्या.

"मग तुम्ही पंथ सोडलात?"

"मी का सोडू? घर माझंही आहे. घाण दिसली म्हणून घरातून जायचं असतं का? झाडू घ्यायचा." घड्याळ खाली ओढून त्या पुढे म्हणाल्या, "हल्ली आमच्या वरच्या लोकांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. चांगलं आहे. पण खेद पावसापाण्याचा करतात. माणसाची माफी मागायची असते."

आणि बशी? वाचलेल्या मुलांपैकी एकीच्या नातीचा पत्ता त्यांनी कितीतरी वर्षं खपून शोधला. दोन दिवस बसने प्रवास करून गेल्या. नातीने दारात बशी घेतली, बघितली आणि दार लावून घेतलं.

"आत नाही बोलावलं?" मला वाईट वाटलं.

"नाही. का बोलवावं?"

शेर अलीने एवढा वेळ काही कळत नसल्यासारखं ऐकलं होतं. मग तो म्हणाला, "मॅडम जी ने सही किया. हमारे यहाँ भी माफी माँगने ऐसे ही जाते हैं. दरवाजे तक."

मी भारावलो होतो. इतका, की पुढच्या आठवड्यात आमच्या उपासना मंडळात मी ही गोष्ट सांगितली आणि वर म्हटलं, बघा, धर्माच्या नावाखाली लोक काय काय करतात. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. दुबईतल्या देरापासून इंटरनॅशनल सिटीपर्यंत पसरलेली आमची तीनेकशे मराठी कुटुंबं. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. दर शुक्रवारी शारजातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. इथे अशी जागा मिळणं आणि टिकणं सोपं नाही. एक तक्रार गेली की खलास. मंडळाचे अण्णा निरूपण करायचे. अण्णांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. कुणी इथे वारलं तर देह गावी पाठवायची कागदपत्रं अण्णा स्वतः रांगेत उभं राहून करायचे. माझी नोकरी गेली होती तेव्हा या शाळेत मला त्यांनीच चिकटवलं. त्यांचं एक पालुपद होतं, "विषय वाढवायचा नाही." नवरा-बायकोची भांडणं, भागीदारांचे तंटे, सगळ्यांवर ते हेच औषध द्यायचे आणि बहुतेक वेळा गुणही यायचा.

एका वर्षी उत्सवाला मी मॅडमना बोलावलं. त्या मांडी घालून दोन तास बसल्या. पूजा संपल्यावर आम्ही सगळे हात जोडून क्षमाप्रार्थना म्हणतो, कळत-नकळत झालेल्या सगळ्या चुकांची देवाकडे क्षमा मागतो. मॅडमनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"सगळ्या चुका? एकदम?"

"हो."

"नावं न घेता?" त्यांनी घड्याळ खाली ओढलं. "सोयीचं आहे. आमच्याकडेही आहे असं एक."

प्रसादाचा शिरा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

पुढच्या वर्षीच्या उत्सवात ते घडलं. शाळेच्या बस सुट्टीच्या दिवशी मंडळाला मिळायच्या, मीच सोय करायचो. सात नंबरची बस घेऊन शेर अली आला होता. हॉलसमोरच्या पार्किंगमध्ये, बसच्या वाटेत, गॅस सिलिंडरचा एक पिकअप उभा होता. आमच्या स्वयंसेवकांनी, गळ्यात भगवी उपरणी, तो हटवायला सांगितलं. पिकअपवाला नेपाळी होता. दोन मिनिटं द्या म्हणाला. कुणी तरी शिवी दिली, त्याने उलट दिली, आणि तिघे त्याच्यावर तुटून पडले. आत क्षमाप्रार्थना चालू होती. मी चपला घालत दारात उभा होतो. ती प्रार्थना आणि त्या माणसाचं ओरडणं मी एकाच वेळी ऐकलं, आणि जागचा हललो नाही. बसमधून उडी मारून आला तो शेर अली. त्याने एकेकाला कॉलर धरून मागे ओढलं, "यल्ला, हटो, मर जाएगा," म्हणत त्या माणसाला उचलून टॅक्सीत घातलं. त्याचा पांढरा कमीज रक्ताने भरला.

त्या तिघांतला एक अण्णांचा पुतण्या होता.

पिकअपवाल्याने हॉस्पिटलात सांगितलं की गाडीवरून पडलो. त्यालाही आपला व्हिसा सांभाळायचा होता. पण हॉलच्या व्यवस्थापकाने कॅमेऱ्यात गर्दी आणि रक्ताने भरलेला एक कमीज पाहिला होता. त्याने दोन दिवसांची मुदत दिली. कुणी केलं ते लेखी द्या, नाही तर हॉल बंद.

अण्णांच्या घरी बारा जण जमलो. अण्णा म्हणाले, "हे बघा, तीनशे कुटुंबांची ही एक जागा आहे. आपली पोरं चुकली, मी त्यांना बघतो. पण विषय वाढवायचा नाही. त्या ड्रायव्हरच्या अंगावर रक्त होतंच. तो काय, उद्या दुसरीकडे लागेल. दिवेकर, तुझाच माणूस आहे तो, तुझ्या शब्दाला वजन आहे. तू लिही."

मी लिहिलं. बारा सह्या झाल्या, पहिली माझी. व्यवस्थापकाने ते पत्र शाळेला पाठवलं, आणि शाळेने माझ्यावरच भरवसा ठेवून आठ दिवसांत शेर अलीचा व्हिसा रद्द केला. जाताना तो माझ्या केबिनमध्ये किल्ली द्यायला आला. भांडेल असं वाटलं होतं. किल्ली टेबलावर ठेवून तो एवढंच म्हणाला, "साहब, आप तो वहीं खड़े थे." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"तुम्ही पाहिलंत?"

"मंडळाने ठरवलं, मॅडम. मी फक्त ड्राफ्ट केलं."

"मी ते विचारलं नाही."

मी कागद नीट लावत म्हणालो, "तुम्हाला माहीत नाही, हे पठाण लोक जरा तापट असतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोटो जुन्या अल्बममध्ये अचानक सापडावा तसं. "आमच्याकडे पायूट होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे पठाण आहेत. चला, सोय झाली." मग विचारलं, "ज्याचा हात मोडला त्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी मॅडमनी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. टेकबहादूर. सोबत त्याचा फोन नंबर. त्याला त्या भेटून आल्या होत्या.

मग त्या बारा सह्यांच्या मागे लागल्या. पत्राची प्रत कुठून मिळवली कोण जाणे. संध्याकाळी एकेका घरी जायच्या, बेल वाजवायच्या, कागद पुढे करायच्या आणि एकच प्रश्न, "मेरा एक सवाल है. आपने देखा था?" कुणी म्हणालं, मी आत होतो. कुणी म्हणालं, अण्णांनी सांगितलं. एकाने लाजून चहा विचारला, मॅडम म्हणाल्या, "मी चहा पीत नाही. उत्तर दिलंत तर पाणी घेईन." तो आत गेला तो बाहेर आलाच नाही.

शेवटी त्या शुक्रवारी निरूपणाला आल्या. पहिल्या रांगेत बसल्या. अण्णा सत्याच्या महतीवर बोलत होते, हे मी रचून सांगत नाही. निरूपण संपल्यावर अण्णा नेहमीप्रमाणे म्हणाले, काही शंका? मॅडम उठल्या. शेर अलीने शिकवलेल्या उर्दूत म्हणाल्या, "अण्णाजी, मेरा एक सवाल है."

"पूछिए, बहनजी."

"जिन्होंने मारा, वो यहाँ बैठे हैं?"

अण्णा हसून म्हणाले, "बहनजी, ऊपरवाला सब देखता है."

"वो तो देखता है. आपने देखा?"

अण्णांनी पेटीवाल्याकडे बोट केलं. "चला, भजन घ्या." पेटी सुरू झाली, टाळ सुरू झाले. मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. मी टाळ वाजवत होतो.

त्यानंतर मॅडम सात नंबरच्या बसमध्ये पुन्हा बसल्या नाहीत. चालत यायला लागल्या. अल मजाजपासून शाळा पाऊण तासाच्या चालीवर, आणि दिवस मेचे. काळी छत्री, फ्लास्क आणि कापडी पिशवी. प्रिन्सिपॉलने बोलावून सांगितलं, हे बरं दिसत नाही, पालक विचारतात. मॅडम म्हणाल्या, "माझी सीट शेर अलीच्या मागे आहे. तो आला की बसेन. आणि पालकांना माझ्याकडे पाठवा, मी सांगते का चालते ते." विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलंही. शाळेने त्यांना लेखी ताकीद दिली. ती त्यांनी लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर, पुस्तकांच्या यादीशेजारी लावली.

नवा ड्रायव्हर पहिली सीट रिकामी ठेवायचा, कुणी न सांगता. पोरं तिथे बसायची नाहीत. रोज सकाळी माझ्या वहीत सात नंबरच्या यादीत त्यांच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहायचो. एके दिवशी मुक्ता जेवताना म्हणाली, "बाबा, मॅम सेज शेर अली अंकल डिडन्ट डू इट. यू वर देअर, ना?"

"तू जेव," मी म्हणालो. ती जेवली. पुन्हा तिने विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून मला काही विचारणंच तिने कमी केलं.

वर्ष संपताना मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी एक ड्रायव्हर कमी होता म्हणून बदलीवाल्याला रस्ता दाखवायला मी स्वतः सात नंबरच्या बसमध्ये होतो. लगूनच्या वळणावर त्या दिसल्या. छत्री, वेणी, कोपरापर्यंत घसरलेलं घड्याळ. घामाने पाठ ओली झाली होती, पण चाल तीच, जणू सगळ्या शहराला सांगताहेत की मी अजून इथे आहे. बस शेजारून जाताना पोरं खिडक्यांना चिकटली, "मॅम, मॅम" ओरडली. मॅडमनी छत्री उंच धरून हलवली. पहिल्या खिडकीत मी होतो. तिथे त्यांची नजर आली तेव्हा छत्री खाली आली. त्यांनी घड्याळ ओढलं आणि वेळ बघितली. मग आम्ही पुढे गेलो.

पुढची सहा वर्षं मी उत्तम काढली असं लोक सांगतील. मंडळाचा चिटणीस झालो. गेल्या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. अण्णा आता थकलेत, चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांनी मजकूर सांगितला, "लिही, पंचवीस वर्षांत एकही अप्रिय प्रसंग घडला नाही." मी लॅपटॉप उघडून ते वाक्य अर्धं लिहिलं. पुढे बोट चालेना. तीन दिवस ते वाक्य तसंच अर्धं राहिलं.

उत्सवाच्या दिवशी पूजा झाली, सगळे क्षमाप्रार्थनेला उभे राहिले, हात जोडले गेले. मी माईक घेतला आणि म्हणालो, आज नावं घेऊन मागू या. शेर अलीने कुणाला मारलं नाही, त्याने सोडवलं. पत्र खोटं होतं, मी लिहिलं. मारणारे तिघे होते. त्यांची नावं मी घेतली, त्यांतले दोघे समोर होते. टेकबहादूरचं नाव घेतलं. सह्या करणाऱ्या बाराही जणांची घेतली, आणि लिही म्हणून कुणी सांगितलं तेही सांगितलं. अण्णांनी पेटीकडे बोट केलं. पेटी सुरू झाली. मला ती खूण माहीत होती. मी आवाज चढवला.

अर्धा हॉल उठून गेला. अण्णांचा पुतण्या मला म्हणाला, "काका, हे तुम्हाला महागात पडेल." पडू दे. मंडळ फुटेल म्हणाले. एका पठाणाचं खरं नाव घेतल्याने जे मंडळ फुटतं ते फुटलेलं बरं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं मी शाळेला आणि हॉलला लेखी दिलं. टेकबहादूरला फोन लावला, नंबर बंद होता. कॉलेजातून सुट्टीला आलेली मुक्ता शेजारी बसली होती. तिने प्रिंटरमध्ये कागद भरून दिले.

मग मी मॅडमना युटाला मोठा ईमेल लिहिला. सभेत काय बोललो, पेटी कशी वाजली, मी कसा थांबलो नाही, सगळं. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं.

"शेर अलीला सांगितलंत का?"

नंबर मिळवायला आठवडा लागला. त्याच्या गाववाल्या एका टॅक्सीवाल्याकडे मिळाला. शेर अली आता मर्दानला भाजीची गाडी चालवतो. मी दुपारी फोन लावला. मागे तोच भरमसाट हॉर्न.

"कौन?"

"शेर अली, मैं शारजा से दिवेकर."

हॉर्न बंद झाला. मग गाडी थांबल्यासारखं वाटलं.

"बोलो, साहब."

"मैं वहीं खड़ा था. मैंने देखा था कि तुमने छुड़ाया. फिर भी मैंने लिखा कि तुमने मारा. किसी के डर से नहीं, अपने आराम के लिए लिखा. तुम्हारी नौकरी मैंने खाई, तुम्हारा नाम मैंने खराब किया. जिनके सामने झूठ बोला था उन सबको सच बता दिया है, और लिखकर भी दिया है. तुम मत कहो कि कोई बात नहीं. मैं माफी माँगता हूँ, शेर अली. तुमसे."